गोगलगाईच्या मागे रांग

अहो,

जपून आहात ना? गोळ्या वेळेवर घेताय ना? मी मजेत आहे, गुडघ्याचं तेवढं विचारू नका.

काल आपल्या नातवानं एका शाळेत व्हायोलिन वाजवलं. एवढा नावाजलेला, पण पुस्तकांची खोकी स्वतः उचलून नेली हो! त्याची रीत अशी, की मुलानं एक पान मोठ्यानं वाचायचं, मागे हा वाजवणार, मग ते पुस्तक त्या मुलाचं. पण पोरं नुसती एकमेकांना ढकलत बसली. एक उठेना. याचा चेहरा पडला.

मग म्हणतो कसा, "आजी, तू ये!" मेल्यानं सगळ्यांदेखत! मी चौथीसुद्धा न झालेली. तरी उठले. अक्षरावर बोट ठेवून वाचलं. जोडाक्षरापाशी अडले, की तो सूर लांबवत माझ्यासाठी थांबायचा.

पान संपलं तशी एक चिमुरडी ओरडली, "मी आजीपेक्षा भरभर वाचते!" आणि आलीच धावत. मग काय, दारापर्यंत रांग!

आता घरी आले, की रोज पेपर मीच वाचून दाखवणार. घाई करायची नाही, सांगून ठेवते.

तुम्ही चिडवता ती,
तुमची गोगलगाय