दिवसाढवळ्या रॅकून

१२ मे, मंगळवार

— आणि वर मलाच अक्कल शिकवतात! रॅकून म्हणजे रात्रीचं जनावर, दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला, काढा बंदूक. अख्ख्या खाडीवर हेच! अरे, बाळंतीण आहे ती. ओहोटी दुपारी लागली तर दुपारीच येणार. चिखल उघडा पडला की खेकडे हाताशी येतात, एवढं तिला कळतं. या लोकांना नाही.

दुकानात इव्होन म्हणे, "ओडील, तुझी लेक आली होती गं माहेरपणाला! चिखलात लोळत होती." सगळे खिदळले. हसा मेल्यांनो.

१३ मे

सव्वादोनला आली. हात पाण्यात, नजर भलतीकडेच. अंधारात फळीवर काडेपेटी चाचपावी तशी चाचपते. खेकडा सापडला, चिखलात रगडला, मग खाल्ला. लाळ नाही, झोकांडी नाही. ठणठणीत!

१५ मे, शुक्रवार

माग काढला. मोडक्या धक्क्यामागे वीज पडलेलं सायप्रसचं झाड आहे, त्याच्या ढोलीत राहते. आत तीन पिल्लं. कुणाला सांगायची नाही. ओविदला तर नाहीच. त्याच्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांतलं आमिष ती पळवते म्हणून आधीच जळतोय. धाकटा भाऊ म्हणून घरात घेतला — बोट बुडवून आला, माझ्याच ताटात जेवतो, आणि तोंड हे एवढं!

१७ मे

पाऊस. दिसली नाही.

१९ मे, मंगळवार

मारली. ओविदने. ढोलीच्या तोंडाशीच.

"ताई, पिसाळलेली होती गं. भरदिवसा अंगावर आली."

"लाळ होती?"

"लाळ? फेस नुसता!"

शेजारचा म्हातारा फेलिसियां त्याची पाठ थोपटत होता — "गावची पोरं वाचवलीस रे वाघा!" वाघ म्हणे!

मी जाऊन पाहिलं. तोंड कोरडं. पिल्लं एकमेकांत घुसून बसलेली. टोपलीत घालून आणली. चिंधी दुधात बुडवून देतेय. एकच चोखतंय.

२० मे, बुधवार

ती ढोली मी कुणालाच दाखवली नव्हती. फक्त इथे, या वहीत लिहिली. आणि आज बघते तर पंधरा तारखेच्या पानावर तेलकट अंगठ्याचा ठसा. माशाच्या आमिषाचा वास येतोय!

ओविद, हेही वाचशीलच. ती ठणठणीत होती, तेही तू इथेच वाचलंस. मग का मारलीस? फेसबिस मला सांगू नकोस. रविवारी चर्चला निघायच्या आत, इथेच खाली, तुझ्या हाताने लिही.