तुमचे मासे खुशाल आहेत

सन्माननीय मेहुणेबुवांस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण उजवा हात गळ्यात असल्याने सात अंगांवर भागवून घ्या. (अक्षर डाव्या हाताचं आहे, मुंग्यांनी लिहिलंय असं समजून वाचा.) तुमची प्रकृती उत्तम असेलच. तुमचे मासे खुशाल आहेत.

बदलीच्या गावी जाताना तुम्ही ती काचेची टाकी आमच्याकडे ठेवलीत, आणि दोनच आठवड्यांनी माझं मनगट उघडून आतली दबलेली शीर मोकळी करण्यात आली. (तीस वर्षं मुद्रितं तपासल्याचं फळ.) डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जखम भरेपर्यंत हात कोरडा ठेवा. ठेवला की! आंघोळीला हात पिशवीत बांधून छताकडे धरत होतो. पण टाकीच्या काचेवर शेवाळ चढलं, मासे आर्त नजरेने बघू लागले (त्यांना पापण्याच नसतात, ते सगळ्यांकडेच तसं बघतात, हे मागाहून कळलं) आणि तुमची ताई बाजारात गेल्याचं साधून मी कोपरापर्यंत आत उतरलो. शरणागताचं रक्षण हा धर्म. त्यात ओलं-कोरडं बघायचं नसतं.

महिन्याभरात अंगठ्याचं वांगं झालं. औषधं हरली. पू तपासायला गेला, त्यात काही उगवेना. बाईंनी विचारलं, मांजर? माती? मासे? मी तिन्हींना ‘छे’ म्हटलं, कारण शेजारी तुमची ताई बसली होती. पुढे मी दडवलेला सदरा तिने धुवायला शोधून काढला, त्याच्या उजव्या बाहीवर तिला शेवाळ दिसलं, आणि तिने मला बाहीसकट दवाखान्यात हजर केलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो आजोबा, टाकीतला जंतू थंडाव्यात वाढतो! आम्ही तीन आठवडे त्याला उबेत ठेवून वाट बघतोय!” (आजोबा! त्रेपन्नाव्या वर्षी!) थंडाव्यात ठेवल्यावर गुलाम दहा दिवसांत उगवला.

आता कित्येक महिने गोळ्या, आणि अंगठा वाकवणारी आतली दोरी धुऊन काढायला आणखी एक शस्त्रक्रिया. अंगठा पुन्हा वाकेलच असं नाही म्हणतात. म्हणजे इतकं संस्कृत शिकून मी अंगठाबहाद्दर व्हायच्याही लायकीचा उरणार नाही. बाकी काळजीचं कारण नाही.

आपला,
ताईचा नवरा

ता.क. ताई टाकी भंगारात द्यायला निघाली आहे. मासे निरपराध आहेत, असं तिला लिहा. गुन्हेगाराने कबुली दिलेली आहे.

आणखी ता.क. गुरुवारी हात पुन्हा उघडणार. ताई माझ्यासमोर नुसती रागावते, मग आत जाऊन नळ सोडते आणि रडते. नळामुळे मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. भाऊ मासे न्यायला येतोय, असं मी तिला सांगून ठेवलं आहे. तुम्ही तिच्याजवळ बसायला या.