एकशे एकतीस पायऱ्यांचा रॅक

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुचलं! पिशवी नकोच. रॅक हवा — पाठीवर घ्यायचा, वर गेल्यावर उघडून टांगायचा, की सगळी हत्यारं डोळ्यांसमोर. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा पट्टा बदलता बदलता सुचलं आणि त्या नादात पट्टा उलटा बसवला. गिऱ्हाईक बिचारं हसलं. मामा डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला, "लक्ष कुठंय?"

लक्ष मनोऱ्यावर आहे. पण हे त्याला इतक्यात सांगायचं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज शहाण्यासारखं सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं भणभणत राहील.

मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं उघडतो, मी आणि मामा. नऊचे टोल पडले की लंबक थांबवायचा, चाकं काढून पुसायची, तेल द्यायचं, आणि एकच्या आत घड्याळ पुन्हा चालू. एकशे एकतीस पायऱ्या, गोल जिना, आणि सगळी हत्यारं मामाच्या कापडी पिशवीत. वर पोचून पिशवी उपसली की हमखास कळतं — एक हत्यार खालीच राहिलंय! मग मामा म्हणतो, "तू सुरू कर, मी आलोच घेऊन." मी जाते म्हटलं तर ऐकत नाही. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, तरी स्वतःच उतरतो. अर्धा-पाऊण तास तरी जातोच.

नोव्हेंबरात पक्कड राहिली. नेमकी पिन गंजलेली, पक्कड नाही, मामा खाली. घड्याळ चाळीस मिनिटं उशिरा सुरू झालं आणि नगरपालिकेच्या कचेरीतले साहेब चौकात उभेच होते. "पुन्हा असा उशीर झाला तर हे यंत्र काढून विजेचं बसवू," म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले. आता सत्तावीस तारखेला आमची पाळी आहे आणि साहेब बघायला येणार आहेत.

पस्तीस वर्षं मामा ते घड्याळ सांभाळतोय. दुपारी जेवताना टोल वाजले की घास हातात धरून थांबतो, मोजतो, मग खातो. विजेचं बसलं तर तो कसा जेवेल, मला कळत नाही.

आणि खरी गोष्ट. आईलासुद्धा बोलले नाहीये. मला वाटतं, मामा विसरायला लागलाय. साहेबांच्या ध्यानात यायच्या आत काहीतरी करायला हवं. म्हणून रॅक.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजवर काय काय राहिलं त्याची यादी करायची होती. मामाची घड्याळाची वही मागितली — जाड, काळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक पाळीला काय केलं ते तो तिच्यात लिहितो. मिळाली नाही. "ती घड्याळ सांभाळणाऱ्याची वही. तुझं तू लिहितेस ना रोज? त्यात बघ." आणि खण बंद, किल्ली खिशात. असा खडूसपणा कधीकधी करतो.

मग माझ्याच जुन्या रोजनिश्या काढल्या. सहा वर्षं मी त्याच्याबरोबर वर जातेय. पहिली साडेतीन वर्षं काहीही राहिलेलं नाही. मग एकदा ब्रश. मग ठोकायची लाकडी मोगरी. मग छोटा पाना, बारीक कानस, चिमटा... नऊ वेळा! अडीच वर्षांत नऊ. गेल्या दोन वर्षांत तर एकही पाळी सुटलेली नाही. 

एक मात्र आहे — तो परत येईपर्यंत माझं काम बहुतेकदा झालेलं असतं. मोगरीच्या वेळी मी लाकडाच्या ठोकळ्यावर भागवलं होतं. लिहिलंय इथे, स्वतःची पाठ थोपटून घेत.

९ फेब्रुवारी, सोमवार

मनोऱ्याची किल्ली मागून घेतली आणि एकटीच जिना मोजून आले. सगळ्यात अरुंद जागा अठ्ठ्याऐंशीव्या पायरीपाशी — माझे खांदे आणि वर चार बोटं, बस्स. म्हणजे रॅक खांद्यापेक्षा रुंद चालणार नाही. कठडा धरायला दोन्ही हात मोकळे हवेत. वर जमिनीवर काही ठेवायची सोय नाही. नुसत्या फळ्या, आणि फटीतून स्क्रू गेला की गेला. पण तुळईला एक दणकट हूक आहे! सहा वर्षं त्यावर मामाची टोपी टांगलेली बघतेय आणि डोक्यात प्रकाश पडला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. दोन पातळ फळ्या, मध्ये बिजागऱ्या. मिटल्या की एक चपटी पेटी, पाठीवर. उघडल्या की पुस्तक, हुकाला टांगलेलं. डावीकडे उघडण्याची हत्यारं, उजवीकडे बसवण्याची. एकूण एकोणीस.

समोरच्या सुताराकडे चित्र घेऊन गेले. त्याने ते उलटं धरलं, सुलटं धरलं. "कपाट पाठीवर घेऊन कुठं पळून निघालीस?" पण फळ्या दिल्या, आणि करवतही लावू दिली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फजिती! सगळी हत्यारं मापून खुणा केल्या, खाचा पाडल्या, ऐटीत रॅक मिटला — मिटेचना. हातोडीचं डोकं बरोब्बर मोठ्या पान्याच्या तोंडावर. एकेक फळी वेगळी आखली, दोन्ही मिटल्यावर एकमेकींवर येणार हे डोक्यातच नाही. अख्खी दुपार पाण्यात. सुतार म्हणाला, "दोघांची तोंडं समोरासमोर ठेवलीस, भांडणारच."

त्याच्या या बोलण्यावरच तोड निघाली. डावीकडच्यांची डोकी वर, उजवीकडच्यांची खाली. आता बंद केला की एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. सगळे गुण्यागोविंदाने झोपतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्वतःला काय म्हणू? हत्यारं जागेवर धरून ठेवायला चुंबकाच्या पट्ट्या आणल्या. लावल्या. किती छान बसत होती! टक् करून चिकटत होती. मोठ्या दिमाखात दुकानात नेला, मामाला पहिल्यांदाच दाखवायला.

मामाने रॅकवरचा चिमटा उचलला, टेबलावरच्या लोखंडी किसापाशी नेला. किस उडून चिमट्याला चिकटला, मिशा फुटल्यासारखा. मग तोच चिमटा माझ्यासमोर धरला. "यानेच उद्या मनगटी घड्याळाची स्प्रिंग उचलणार ना तू?"

घड्याळजीच्या भाचीने हत्यारांना चुंबक लावला! शेंबडं पोरही सांगेल, चुंबकाजवळ घड्याळ ठेवू नये. मी कानाच्या पाळीपर्यंत लाल. एकोणीसच्या एकोणीस हत्यारांचं चुंबकत्व उतरवत बसावं लागलं. पण मामाने रॅक नंतर बराच वेळ उघडून-मिटून पाहिला. बिजागरीवर बोट फिरवलं. "आमचं सगळं एका पिशवीत मावायचं," एवढंच म्हणाला.

मावायचं, मामा. पण राहूनही जायचं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घड्याळाचे पट्टे!!! दुकानात खोकं भरून पडलेत, जुने, चामड्याचे, गिऱ्हाइकांनी बदलून टाकलेले. प्रत्येक हत्याराला एक मनगटी पट्टा, बकलासकट! हातोडीला रुंद पट्टा, चिमट्याला नाजूक बायकी. सैल होत नाही, वाजत नाही, हवं तेवढं आवळता येतं. मी दुकानातच नाचले. मामा म्हणाला, "गिऱ्हाईक बघतंय." बघू दे!

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळ्यात महत्त्वाचं काम. फळ्या पांढऱ्या रंगवल्या आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचाच आकार लाल रंगाने भरला. हत्यार जागेवर असेल तर लाल झाकलेलं. नसेल तर लाल ओरडून सांगणार. मोजायला नको, आठवायला नको. ज्याला काहीही आठवत नाही, त्यालाही दिसेल. हे शेवटचं वाक्य अर्थात कुणाला बोलून दाखवलं नाही.

मामा रंग वाळेपर्यंत समोर उभा होता. "म्हणजे आता काही मागे ठेवलं तर माणूस पकडलाच जाणार."

"तेच तर," मी म्हटलं.

हसला. पण कसनुसा हसला. समजलं असेल का त्याला, मी हे कशासाठी करतेय? त्याला लागलं तर नसेल?

२३ फेब्रुवारी, सोमवार

पूर्ण भरून चढून पाहिलं. जड हत्यारं खाली लावली होती, ती प्रत्येक पायरीला मांडीवर आपटत होती. विसाव्या पायरीपासून परत. जड वर घेतली, पाठीला लागून, हलकी खाली (लाल आकार आज रात्री नव्याने रंगवायचे!). पुन्हा चढले — अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर दोन बोटं जागा उरते! हुकाला टांगला, उघडला. वारा होता, तरी एक हत्यार हललं नाही. एकटीच त्या पितळी चाकांसमोर उभी राहून "बघा!" म्हणाले. घड्याळ टकटक करत राहिलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आई : "मनोऱ्यावरच्या हुकाची एवढी काळजी. आमच्या स्वयंपाकघरातली फळी दीड वर्षं एका खिळ्यावर लोंबतेय." बरोबर आहे. सत्तावीस होऊ दे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. बकलं तीनदा तपासली. मामा संध्याकाळभर वहीत काहीतरी लिहीत होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

हात अजून तेलकट आहेत, पानाला डाग पडतोय, पडू दे.

मनोऱ्याच्या पायथ्याशी रॅक उघडला. साहेब शेजारी. मामाने आणि मी दोघांनी पाहिलं — लाल कुठेच नाही. एकोणीसच्या एकोणीस! मिटला, पाठीवर घेतला. मामा मागून म्हणाला, "थांब, पट्टा पिळलाय." थोडी खुडबुड केली आणि निघालो. वर पोचायला नऊला पाच कमी. टोल पडले, लंबक थांबवला, रॅक टांगला, उघडला.

मधोमध लाल हातोडी. नुसता आकार. पितळी हातोडी नाही.

 मामाने खिसे चाचपले, माझ्याकडे न बघता म्हणाला, "खालीच राहिली वाटतं. तू सुरू कर." खाली कशी राहील? मी डोळ्यांनी पाहिली होती! म्हणजे यानेच काढली, कुठेतरी ठेवली, आणि आता तेही आठवत नाही. मी विचारलं नाही. विचारवलंच नाही. त्याची पावलं जिन्यात ऐकू येत राहिली, मग तीही थांबली.

मग रडायला वेळ नव्हता. साहेब खाली. चाकं काढली, पुसली, तेल दिलं. हत्याराला हात घातला की हत्यार हातात — शोधाशोध नाही, वाकणं नाही! पावणेबारालाच सगळं बसवून झालं, राहिली फक्त शेवटची पिन ठोकायची. पितळी हातोडीचंच काम, लोखंड लागलं तर पिनेचं डोकं फुटतं. मामाची वाट पाहिली पाच मिनिटं. मग रॅकची खालची लाकडी कड पाहिली, तिच्यातून एक तुकडा कापला, तो पिनेवर धरला आणि मोठ्या पान्याने ठोकली. बसली! बारा वाजून दहा मिनिटांनी लंबक हलवला. टक. टक. सहा वर्षांत एवढ्या लवकर कधीच नाही.

खाली आले तर मामा चौकातल्या बाकावर, शेजारी साहेब, मामाच्या हातात त्याचं खिशातलं घड्याळ. साहेब म्हणाले, "वेळेच्या आधीच झालं की. मग विजेचं कशाला हवंय." मामा म्हणाला, "गुडघ्याने दगा दिला, वर येता आलं नाही." आणि कोटाच्या आतल्या खिशातून पितळी हातोडी काढून माझ्या हातावर ठेवली. "दुकानात राहिली होती."

दुकानात नव्हती, मामा.

घड्याळ वाचलं, आणि मला आनंदाने उडावंसं वाटतंय, आणि रडू येतंय. सोमवारी त्याला डॉक्टरकडे न्यायचं. आईला आज सांगावंच लागेल. जाताना त्याने काळी वही दिली. "आता तुझ्याकडे राहू दे." स्वतःवर भरवसा उरला नसेल त्याचा. आज उघडवत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आईला सांगायच्या आधी वही उघडली. माझी यादी शेजारी घेऊन बसले. प्रत्येक पाळीच्या आदल्या दिवशीची नोंद, मामाचं बारीक अक्षर.

"मोगरी खाली ठेवायची. ती काय करते बघू." "कानस ठेवायची. मोठं चाक एकटीने काढू दे." "पक्कड ठेवायची." — आणि खाली, नंतरच्या शाईत — "पिन गंजली होती. उशीर झाला. पण काढली तिनेच."

नऊच्या नऊ.

शेवटची परवाची, सव्वीस तारखेची : "रॅक फार देखणा केलाय पोरीने. आता हातोडी काढायची कशी, पंचाईतच आहे. उद्या उतरलो की परत वर जायचं नाही. पुढचं पान तिचं."