ओसाकाचा चौथा दिवस

रवि. ४ जाने.

प्र.चा फोन. मार्चमध्ये या म्हणते, तेव्हा तिला तीन दिवस सुट्टी मिळतेय. तीन वर्षं झाली लेकीला बघून. फोनवर बघणं म्हणजे काही बघणं नव्हे. तिचं कपाळ दिसतं आणि मागची भिंत दिसते.

ह्यांना सांगितलं. "मार्चात? मग हळद कोण शिजवंल, तू?" डोंगरकडा गावच्या आमच्या चार एकरांत हळद उभी आहे हे मान्य. पण लग्न झाल्यापासून दर मार्चात आमच्याकडे हळदच शिजतेय. भाऊ आला तरी हळद, कोणाचं लग्न असलं तरी हळद. मी म्हटलं, ओसाकात मोठा किल्ला आहे, आत लिफ्टसुद्धा आहे. "लिफ्ट असलेला किल्ला म्हंजे काय किल्ला झाला? तूच जाऊन ये." विषय संपला. एकटीच जाणार. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटलं. मी आणि प्र., मध्ये कोणी नाही.

मंगळ. ६ जाने.

प्र.ने पाच दिवसांचा तक्ता पाठवला. जि. प. शाळेत तीस वर्षं सहली मीच काढल्या, त्यामुळे रकाने बघून आधी खूश झाले. मग डोकं उठलं. ९.०७ ची गाडी. ९.३१ ला उतरणे. ९.३८ ला किल्ल्याच्या दारात. लघवीला कधी जायचं? मी सहलीच्या तक्त्यात कायम अर्धा तास "इतर" ठेवायचे. कोणाला उलटी व्हायची, कोणाची चप्पल हरवायची, सगळं त्या "इतर"मध्ये बसायचं. तिला लिहिलं, इतर घाल. उत्तर आलं, "आई, इथं इतर नसतं."

दि. १ किल्ला. दि. २ जुनं बुद्धमंदिर. दि. ३ जवळच्या नारा शहरातली प्रचंड बुद्धमूर्ती, तिथे हरणं मोकळी फिरतात म्हणे. दि. ४ मत्स्यालय आणि मोठा पाळणा. दि. ५ बाजार, दिव्यांचा रस्ता. चौथ्या-पाचव्या दिवशी तिची ड्यूटी, तिची मैत्रीण मला नेईल.

तिची खोली तक्त्यात कुठे नाही. तिचं काम कुठे नाही. मी काय मासे बघायला विमानात बसू?

शुक्र. ९ जाने.

घात झाला. घात माझ्याच तोंडाने.

वारंगा फाट्याला अक्कांकडे गेले होते. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जपानचं कळवणं भाग होतं, नाहीतर "परक्याकडून कळलं" म्हणून जन्मभर ऐकावं लागलं असतं. सांगितलं. उठताना म्हटलं, "चला की अक्का तुमी बी."

हे म्हणायचंच असतं. आणि समोरच्याने "न्हाई बाई, तूच जाऊन ये" म्हणायचं असतं. आमच्या आईच्या आईपासून असंच चालत आलंय. अक्का म्हणाल्या, "व्हय, येते की."

मला वाटलं, पासपोर्ट नसेल. आत जाऊन घेऊन आल्या. श्रीलंकेच्या यात्रेला जायचं म्हणून काढलेला, ती यात्रा झाली नाही. कोराकरकरीत पासपोर्ट, वर प्लॅस्टिकचं कव्हर.

"आन् प्रज्ञाचा दवाखाना दाव मला. गुडघे बी दाखवून घेते. घरची नर्स हाय तर तकलीफ काहून काढावी?"

परतताना बसमध्ये कंडक्टरने दोनदा विचारलं कुठं उतरणार.

रवि. ११ जाने.

इथे तरी स्पष्ट लिहावं.

प्र. दवाखान्यात नाही. म्हाताऱ्या माणसांच्या निवासात आहे. त्यांना अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, लंगोट बदलते. नर्सिंग झालंय तिचं, पण तिकडे हे काम मिळालं आणि जाण्याआधी तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. ह्यांनाही माहीत आहे. ह्यांना कोणी विचारत नाही, ते शेतात असतात. मला सगळे विचारतात. विहारात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "मोठ्या दवाखान्यात नर्स आहे" निघून गेलं. त्यानंतर मी तेच सांगत आले. दर वर्षी दवाखाना थोडा मोठा होत गेला.

आता त्या दवाखान्यात अक्का गुडघे घेऊन येणार.

बुध. १४ जाने.

नांदेडला एजंटकडे. उन्हातही कोट घालून बसलेला माणूस. "रोज कुठं जानार ते तारीखवार लिहून द्या मॅडम. एकपण दिवस कोरा नको." मग म्हणाला, मुलीच्या बोलावण्यावरून जाणार असाल तर तिचं पत्र आणि तिच्या कामाच्या ठिकाणचा कागद लागेल. अक्का बाजूलाच. लगेच, "मागवा की दवाखान्याचा कागद!"

बाहेर येऊन प्र.ला फोन केला. ती म्हणाली, "नको. राहायला हॉटेल आहे, फिरायला येताय म्हणूनच अर्ज करा." लगेच म्हणाली, विचार न करता. मी विचारलं का, तर म्हणे कागद काढायला वेळ लागतो.

आपली मुलगी खोटं बोलायला लागली की आवाज सरळ होतो तिचा. लहानपणापासून.

रवि. १८ जाने.

अक्का राहायला आल्यात, "प्लॅनिंगला". दोन पिशव्या घेऊन. जपानला न्यायची यादी त्यांनी पेन्सिलीने केलीय: ज्वारीचं पीठ, तवा, ठेचा, घडीचं स्टूल, पाच किलो हळद.

"पाच किलो कोणाला?"

"डॉक्टर लोकाला. आपल्या हिंगोलीची हळद हाय म्हनून सांगायचं."

कसले डॉक्टर, कसलं काय. मी म्हटलं विमानात वजन धरतात. म्हणे मग तुझ्या साड्या कमी कर.

दिवसभर तक्त्यावर भांडण. किल्ला त्यांना चालेल, लिफ्ट आहे म्हणूनच चालेल. नाराची बुद्धमूर्ती पहिल्या दिवशी पाहिजे, तिसऱ्या नाही. बाकी सगळं नंतर, आधी तिथे डोकं टेकवायचं. हे मला पटलं पण मी कबूल केलं नाही. पाळण्यात बसणार नाहीत. मत्स्यालयाचं ऐकून तर हसल्याच. "मासे काय बघायचे? त्यापरीस त्या दिवशी दवाखान्यात जाऊ. सकाळी गेलं की नंबर लवकर लागंल."

मी म्हटलं मत्स्यालय जगातलं फार मोठं आहे. कधी न पाहिलेल्या माशांची मी अर्धा तास बाजू मांडली. आणि मला स्वतःला जायचंय ते त्याच ठिकाणी, जिथं अक्कांना जाऊ द्यायचं नाही. याला काय म्हणावं.

सोम. २६ जाने.

शाळेत झेंडावंदन. निवृत्त शिक्षक म्हणून खुर्ची, श्रीफळ. मुख्याध्यापकांनी माइक घेतला आणि "आपल्या बाईंची कन्या जपानच्या नामांकित रुग्णालयात" इथून सुरुवात केली. टाळ्या. मग मला बोला म्हणाले.

तेव्हा गप्प बसता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. मी उठले आणि दहा मिनिटं बोलले. परदेशातली रुग्णसेवा, स्वच्छता, आमची प्र. आता हेड होण्याच्या मार्गावर. हेड! हे आजपर्यंत मी कुठेही बोलले नव्हते. समोर तिसरीतल्या मुली तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. खाली बसले तेव्हा सर म्हणाले, मार्चात परत आलात की मुलांना तिथल्या रुग्णालयाबद्दल सांगायला या. हो म्हटलं.

मंगळ. २७ जाने.

कोणीतरी भाषणाचा व्हिडिओ माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. प्र. त्या ग्रुपमध्ये आहे, माझ्याच शाळेत शिकली ती.

तिचा मेसेज: "आई, भाषण बघितलं."

पुढे काही नाही. मी "छान झालं ना?" लिहिलं. का लिहिलं असं? हात तोडून टाकावेत.

गुरु. २९ जाने.

प्र.चा फोन. ड्यूटीवरून घरी चालत जाताना बोलत होती, वारा ऐकू येत होता. चिडली असती तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे बोलली.

"खोली लहान आहे म्हणून नाही घातली, ते खरंय. पण काम मुद्दाम ठेवलं नाही. तू सगळ्यांना दवाखाना सांगतेस ते मला माहीत होतं. इथलं बघून गेलीस की परत तेच सांगताना तुझी पंचाईत होईल, आता तर अक्का आत्याही येतेय. म्हणून मत्स्यालय टाकलं."

म्हणजे ती माझी लाज झाकत बसलीय. सहा हजार किलोमीटरवरून की किती ते, नऊ-सात, नऊ-एकतीस अशी मिनिटं मोजून तक्ता बनवतेय, का, तर आईची फजिती होऊ नये. आणि मी इकडे कुरकुर करते की इतर घातलं नाहीस.

म्हणाली, तिथे एक आजी आहेत, रोज सकाळी हिचा हात धरून खिडकीपर्यंत चालतात, दुसऱ्या कोणाबरोबर उठतच नाहीत. "तुला सांगणार होते मागेच. पण तू विषय बदलतेस."

बदलते. खरंय. मला शरम वाटली. तिच्या कामाची नाही, माझीच.

रवि. १ फेब्रु.

वारंग्याला जाऊन अक्कांना सांगितलं. चहा तसाच ठेवून सरळ सांगून टाकलं. दवाखाना नाही. नर्स नाही. म्हाताऱ्यांचं सगळं करते, हागणं-मुतणंसुद्धा.

अक्का शेंगा फोडत होत्या. फोडतच राहिल्या.

"माझी सासू आठ वर्सं अंथरुणावर व्हती. समदं म्याच केलं. मला कुनी पगार देला व्हय? तिला देऊन राहिले. मग यात लपवायसारखं काय हाय?"

मला रडूच आलं. वाटलं सुटले. तोवर त्यांनी सूप बाजूला सारलं.

"पन मला काहून खोटं बोललीस? मी परकी हाव? म्या फाट्यावर समद्याला सांगत फिरले. टायरवाल्याला सांगितलं, बँकेत सांगितलं. म्हंजे माझ्या कामाची बी तुला अशीच लाज वाटत व्हती."

नाही म्हणायला तोंड उघडलं. आठ वर्षांत मी त्यांच्या सासूच्या खोलीत किती वेळा गेले? नाकाला पदर लावून दोनदा. त्यांच्या लक्षात असणारच.

"यायचं का न्हाई ते मी बघते," म्हणाल्या. फाट्यावर सोडायलाही आल्या नाहीत.

बुध. ४ फेब्रु.

एजंटचे तीन फोन. बाकी कागद तयार, तक्ता कुठाय? कोटातल्या माणसाला काय सांगू की चौथ्या दिवशी काय लिहायचं तेच ठरत नाही.

हे हळदीच्या पानांची कापणी आटोपून आले, पाय धुता धुता सगळं ऐकलं. "आधीच सांगायला पाहिजे व्हतं तू." एवढंच. तीन वर्षं मात्र एकदाही बोलले नाहीत. मी तसं म्हटलं तर भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

संध्याकाळी अक्कांचा फोन. राम राम नाही, जय भीम नाही. "मला ते मासे बिसे नगं. त्या दिवशी प्रज्ञाकडंच जायचं. गुडघ्याचं र्‍हाऊ दे." आणि ठेवून दिला. येणार म्हणजे. माझ्याशी बोलत नाहीत, पण येणार. पाच दिवस एका खोलीत.

प्र.ला लिहिलं: दि. ४ मत्स्यालय काढ. तुझ्या कामावर यायचंय, मला आणि अक्कांना. त्यांना सगळं सांगितलंय. तिचं उत्तर, "विचारून सांगते."

शनि. ७ फेब्रु.

सकाळी उत्तर आलं.

"मॅनेजरना विचारलं. चौथ्या दिवशी दुपारी दोघींना एक तास सोडतील. मास्क लावावा लागेल, फोटो काढायचे नाहीत. एजंटला हेच लिहून दे, पत्र आणि कामाचा कागद मी पाठवते. पण आई, तू इथलं बघशील आणि परत जाऊन शाळेत काय सांगशील?"

चार वेळा वाचलं. "खरं तेच सांगेन" असं लिहिलं. पाठवलं नाही. तीन वर्षं तिच्या कानावर पडेल असं खोटं बोलत राहिले, आता तीन शब्दांवर तिने काय म्हणून विश्वास ठेवायचा? मी तिच्या जागी असते तर ठेवला नसता.

मुख्याध्यापकांना आधी सांगायचं आणि मग तिला लिहायचं, असं ठरवलं. फोन लावला, उचलला नाही. शनिवारची सकाळची शाळा, सर आता घरी आले असतील. इथून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. साडी बदलली. दाराशी जाऊन चप्पल घातली. सरांची बायको असेल, त्यांची आई असेल, सगळ्यांसमोर सुरुवात कुठून करायची?

चप्पल काढून परत आत आले. एजंटचा फोन वाजतोय. आधी चहा टाकते.