बोगद्यातलं पाणी

प्रिय एवारिस्तोदादा,

हात अजून चिखलाने भरलेत, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणी आलं रे! दरड कोसळून डोंगरातला बोगदा बुजला, त्याला आज एकोणीस दिवस झाले. पाट कोरडा ठणठणीत. आपल्या बागेत पीचची फळं सुपारीएवढी असतानाच गळायला लागली होती. बोगद्यात शिरेल एवढं बारीक माणूस गावात एकच, मी.

"बाई आत गेली तर पाट आटतो," म्हातारे म्हणाले.

"आटलेलाच आहे की! आणखी काय आटणार?" मी म्हटलं, आणि शिरले.

माझ्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक बाउदिलिओने धरलं होतं. हो, तोच. पाण्याच्या पाळीवरून ज्याचं डोकं फोडून तू चिलीला पळालास, तो. मी आत दगड उपसत होते आणि तो बाहेरून ओरडत होता, "सुलेमा, बोलत राहा! शिव्या दे, पण बोल!" मी भरपूर दिल्या. मग एक दगड हलला आणि मागे तुंबलेलं पाणी अंगावरच आलं. त्याने मला ओढून काढलं, तेव्हा मी हसत होते आणि तो रडत होता.

सात वर्षं तुझ्याखातर मी त्याच्याशी बोलले नव्हते. रविवारी तो जेवायला येतोय. मीच बोलावलंय.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तू 'नको' म्हणशील आणि मला ते ऐकायचं नाही. त्याने अजून लग्नाचं विचारलेलं नाही. रविवारी मीच विचारणार आहे.

तुझीच, पण आता थोडी माझीही,
सुलेमा