खिंडीतली सोबत

४ नोव्हेंबर १९४४
पोचलो एकदाचे! कोरेगाव स्टेशनपासून बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण बंगला पाहून ही खूश. जहागीरदारांनी शिकार बंद करून रान राखून ठेवलंय. पाहुण्यांनी पायवाटांनी हिंडायचं आणि या जुन्या दगडी बंगल्यात चहा प्यायचा. सगळी व्यवस्था माझ्याकडे. मोर पाहून आमची मनूच नाचायला लागली. मोर लाजला गं, म्हणून मी तिला चिडवलं.

९ नोव्हेंबर
पायवाटांना दगडांची किनार करून घेतली. खिंडीत वाटेलगत दगडांचा ढीग आयताच पडला होता. उंब्रजच्या मजुरांनी तो सगळा वापरला. काम झकास झालंय. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते.

१३ नोव्हेंबर
मनू दुपारी खिंडीत एकटीच बोलत बसते. धुळा नावाचा मित्र मिळालाय म्हणे. घरी आण म्हटलं, तर म्हणाली, त्याच्या छातीला लागलंय, तो हळूहळू येईल. आसपास तर एकही घर नाही.

१५ नोव्हेंबर
धोंडुबाई नावाची म्हातारी धनगरीण आली. किनार पाहून मटकन खाली बसली. तिचा मुलगा धुळा पूर्वी शिकारीत चुकून गोळी लागून खिंडीतच वारला. तेव्हापासून वाटेने जाणारा प्रत्येक धनगर तिथे एक दगड ठेवतो. ती रडत म्हणाली, "आवं सायब, ल्हान हुतं माजं लेकरू. येकलं वाटू न्हाई म्हून समद्यांनी सोबत दिली हुती. तुमी ती उचलून न्हेली."

१६ नोव्हेंबर
किनारीचे दगड काढून मी एकट्याने खिंडीत परत रचले. पण धोंडुबाई म्हणते, एका हाताने कितीही ठेवले तरी सोबत एकाच माणसाची. आणि धनगर मेंढरं घेऊन दूर गेलेत, पावसाळ्याशिवाय परतत नाहीत. मनूला ताप भरलाय.

१८ नोव्हेंबर
ताप उतरत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. मनू पुटपुटते, बाबा, मी जाते त्याच्याजवळ, त्याला भीती वाटते— ही नुसती रडते. व्हरांड्यात इवलाली पावलं उमटलीत. मनूची नाहीत.

१९ नोव्हेंबर
खिंडीत जाऊन हात जोडले. म्हटलं, बाळा, ती नको. मी येतो.

संध्याकाळ
मनूने भाकरी मागितली! ताप गेला. ही हसतेय. हिला काही सांगितलेलं नाही—

माझं बोट कुणीतरी धरलंय. एवढासा हात, गारठलेला. राग येत नाही त्याचा. कसा येईल— जरा थांब रे, म्हटलं, मनूला एकदा डोळे भरून—