सकाळची उंची

प्रिय करिष्माताई,

तू राजगुरुनगरला राहायला गेलीस त्याला रविवारी दोन महिने होतील. तुझा फोन मी एकदाही उचलला नाही आणि आता मीच पत्र लिहायला बसलेय, हसू नकोस. आई सांगत होती, चाकणच्या कंपनीनं तुला मापं तपासायच्या विभागाची प्रमुख केलं. पार्टात केसभर फरक असला तरी आमची ताई परत पाठवते, असं मी इथे पिंपरीत सगळ्या शेजारणींना मिरवून सांगितलं. तुलाच सांगायचं राहिलं.

पोलीस भरतीला एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागतात आणि मी दीडेक कमी, हे माझं दुखणं तुला पाठ आहे. त्यापायीच ती मोबाइलवर पाहिलेली, उंची वाढवायची 'शंभर टक्के नैसर्गिक' पावडर आणली. भिंतीवर पहिली खूण केली ती पॅकिंग लाइनवर आठ तास उभं राहून घरी आल्यावर. महिन्यानं दुसरी केली ती सुट्टीच्या सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या. चौदा मिलिमीटर! मी घरभर नाचले, लगेच रील टाकलं.

तू ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, दोन्ही मापं किती वाजताची गं? मग दाराआडून बाबांचा सुतारकामाचा गुण्या काढलास. एक बाजू भिंतीला, दुसरी डोक्यावर. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तू, मी आणि आई. आईनं पावडरीला बोटही लावलं नव्हतं, तरी रोज सकाळी सेंटिमीटरभर उंच! बाई, माझे परकर आखूड होतील की आता, म्हणाली आणि आपण पोट धरून हसलो. दिवसभर पाठीचा कणा दबतो, झोपेत पुन्हा सैल होतो, विसाव्या वर्षी हाडं काही वाढत नाहीत, असं तू मला समजावलंस.

हसू ओसरल्यावर लक्षात आलं, माझे चौदा मिलिमीटर गेले. तेव्हा मी तोंड सोडलं. तुला उंची फुकट मिळाली म्हणून माझी खुपते, म्हणाले. तू गुण्या पुसून जागेवर ठेवलास आणि बॅग भरलीस. तुझ्या त्या शांतपणाचा तेव्हा भयंकर राग आला होता. आज वाटतं, खरं सांगावं तर माझ्या ताईनं. एवढं सगळं दाखवलंस, पण मला एकदाही मूर्ख म्हणाली नाहीस.

परवा भरतीच्या मैदानावर माझी उंची एकशे चोपन्न भरली, तीही जेमतेम. रडू आलं, पण ते गिळलं. गेटपाशी मात्र माझ्याहूनही बुटकी एक मुलगी धावत आली. तिलाही बाहेर काढलं होतं. रीलवाल्या दिव्याताई ना तुम्ही? मीपण तीच पावडर घेतेय, दोन महिने झाले, मग माझीच का नाही वाढली? तिला वाटत होतं, खोट तिच्याच अंगात आहे. मला मान वर करून बघवेना. ते रील मी अजून काढून टाकलंच नव्हतं, ताई.

काल काढून टाकलं. पण तेवढ्यानं त्या पोरीचं समाधान व्हायचं नाही. येत्या रविवारी त्याच भिंतीपाशी नवं करणार आहे, सकाळी एक माप, संध्याकाळी एक, आणि माझी चूक माझ्याच तोंडून. आईसुद्धा उभी राहणार आहे. काल मी स्वतःच डोक्यावर गुण्या धरून पाहिला, तो वाकडाच होतो. माझं चुकलं गं. रविवारी घरी ये आणि गुण्या तू धर.

तुझीच,
एकशे चोपन्नची दिव्या